मेणबत्ती नीट का जळत नाही?

वांगणीत अनेक अंध कुटुंबे राहतात. अंध माणसाला मेणबत्त्या करता येतील? महाबळेश्वरचे भावेश भाटिया स्वतः अंध. हे काम ते मुंबईत शिकले आणि पुढे त्याचाच मोठा व्यवसाय उभारला.

तुम्हीही मोठ्यांच्या मदतीने करून पाहा. मेणाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट आचेवर नको. मेण पेटलेच तर गॅस बंद करून झाकण ठेवा; पाणी मुळीच ओतू नका, भडका उडतो!

ज्योत काजळी सोडते? वात जाड आहे. ज्योत मेणात बुडून विझते? वात बारीक आहे. सुगंधी तेल भांडे उतरवल्यावर घाला, तेही बेताने. जास्त झालेले तेल मेणात मुरत नाही. मेणबत्तीला जणू घाम फुटतो.