गोठ्यातील करुणा आणि कृषी पदवीचे शिक्षण

आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले-मुली कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांना सहज विचारून पाहा : दुभत्या गाईला खुराक किती द्यावा, एका वेताला खर्च किती येतो? उत्तर लगेच मिळेल. मग विचारा : समोरच्या गाईला काही दुखत आहे हे तू कसे ओळखशील? येथे बरेच जण थांबतात. त्यांचे मन कठोर आहे असे मुळीच नाही. हे त्यांना कोणी बसवून शिकवलेलेच नसते.

चार वर्षांच्या कृषी पदवीत माती, पिके, कीड, बाजार यांना भरपूर जागा असते. जनावरांच्या वाट्याला पशुधन व कुक्कुटपालन व्यवस्थापनाचा एखादा विषय येतो. महाराष्ट्रात २००० साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये कृषी विद्यापीठांपासून वेगळी झाली. जनावर हा पशुवैद्यकाचा विषय, अशी समजूत त्यामुळे आणखी पक्की झाली असावी. पण पशुवैद्यक बहुधा जनावर आजारी पडल्यावर येतो. गोठा कागदावर असतो, तेव्हा तेथे कृषी पदवीधर असतो. तोच पुढे बँकेत गाईंच्या कर्जाचे प्रकरण तपासतो, पशुखाद्य विकतो, दूध संघात नोकरी करतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. त्यातील कितीतरी जिवांचे सुखदुःख या मुलांच्या एका शेऱ्यावर ठरणार आहे.

मग शिकवायचे काय? ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी बंदिस्त पशुपालनावर पुस्तक लिहिले. त्यामुळे उठलेल्या चर्चेतून सरकारने समिती नेमली आणि १९६५ च्या तिच्या अहवालातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ ही कल्पना आकाराला आली. भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भय आणि ताण यांपासून मुक्ती, तसेच स्वभावानुसार वागण्याची मोकळीक. चौकट चांगली आहे. मात्र ती पाठ करून परीक्षेत लिहिली तर तिचा गाईला काही उपयोग नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून मळताना शेतकऱ्याचा हात नेमका जू टेकते त्या जागेवरून फिरतो आणि सूज, गाठ, सोललेली कातडी त्याला बोटांनी कळते. ही पूजा आहे आणि तपासणीही. प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदाचे हे काम रोजच्या सवयीत आणणे.

विद्यार्थ्याने अर्धा तास गोठ्यात शांत बसावे आणि दिसेल ते लिहावे. कोणती गाय बसून रवंथ करते, कोणती उभ्याउभ्या पाय बदलते? चालताना कोणाची पाठ कमानीसारखी होते? बसायची जागा ओली आहे का, पाण्यापर्यंत दोर पोहोचतो का? अंगावरचे मांस पाहून १ ते ५ असे गुण देण्याची पद्धतही असते. ती दोन-तीन प्रात्यक्षिकांत हाताला बसते. घाबरलेली गाय पान्हा चोरते हे घरातील आजीला ठाऊक असते. भीतीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते, हे तिच्या नातवाला वर्गात कळले, तर काठी आपोआप बाजूला ठेवली जाईल.

कायदाही शिकवायला हवा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आला. १९६५ चे नियम सांगतात की, ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ जुंपूच नये. टोकदार आरही चालत नाही. उसाने लादलेली बैलगाडी दिसेल तेव्हा हे नियम आठवून पाहा.

‘शेतकऱ्याचेच भागत नाही, तेथे गाईच्या सुखाचे काय?’ हा प्रश्न खरा आहे. कोरडी जागा, सैल दोर आणि दिवसभर पाणी यांना फारसा पैसा लागत नाही. मुक्त गोठ्याला मात्र जागा लागते. आणि भाकड गाय, गोऱ्हा यांचा प्रश्न कोणताही अभ्यासक्रम एकट्याने सोडवणार नाही. तसे वचन देऊही नये.

आपल्यात जे प्राध्यापक आहेत, त्यांनी नव्या विषयाच्या मंजुरीची वाट पाहू नये. ग्रामीण कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावात राहतातच. त्यांच्या नोंदवहीत गोठ्याचे एक पान वाढवता येईल. पीक पाहणीइतकेच गुण त्याला द्या, म्हणजे ते मनापासून लिहिले जाईल.

जे गोशाळेत सेवा करतात, त्यांनी पुढच्या वेळी चाऱ्याबरोबर मोजपट्टीही न्यावी. मुक्त गोठ्यात एका गाईला साधारण ३.५ चौरस मीटर छपराखाली आणि ७ चौरस मीटर उघड्यावर जागा लागते. मोजा, गाई मोजा, भागाकार करा आणि आलेला आकडा व्यवस्थापकांना शांतपणे दाखवा.