बाबांची कामं बाबांनाच करू दे

अगं, "ताई, बाबांना चालायला सांगू का, की आराम करू देऊ?" असं तू विचारलंस ना, त्याचं उत्तर आधी देते आणि मग सविस्तर बोलू. चालू दे. डॉक्टरांना विचारून, हळूहळू, पण चालू दे. डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर म्हणून माझी नोकरीची वर्षं गेली. त्यात मशीनला घाबरणारे पेशंट फार भेटले नाहीत. पेशंट जिना चढला तर काय होईल, या भीतीने धास्तावलेली घरं मात्र खूप भेटली.

बाबांचा आठवडा कसा जातो ते तू बघतेसच. डायलिसिसच्या दिवशी चार तास एकाच जागी. घरी आले की अंगातलं त्राण गेलेलं, म्हणून पडायचं. दुसऱ्या दिवशी "काल डायलिसिस झालंय, आज आराम करा." तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. मग पायांनी काम करायचं कधी? या आजारात स्नायू आधीच झिजत असतात. भूक मरते, हिमोग्लोबिन कमी असतं, दर डायलिसिसला थोडी प्रथिनंही निघून जातात. त्यात पलंग. काही महिन्यांत मांड्या एवढ्याशा होतात आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. एकदा तोल गेला की भीती बसते, आणि भीती बसली की पलंग आणखी जवळचा वाटायला लागतो. याला आळस म्हणू नकोस, आणि आईलाही म्हणू देऊ नकोस.

आमच्याकडे एक काका यायचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस, आणि युनिटमध्ये यायचा व्हीलचेअरवर. काकू त्यांच्या पायात चपला घालायच्या, शर्टाची बटणं लावायच्या, पाण्याचा घोट मोजून स्वतःच्या हाताने पाजायच्या. फार जीव होता त्यांचा काकांवर. मी काकांना काहीच सांगितलं नाही, काकूंना बाजूला घेऊन म्हटलं, "उद्यापासून चपला त्यांच्या त्यांना घालू द्या. वेळ लागला तरी हात लावू नका." काकूंना ते निष्ठुर वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ऐकलं त्यांनी. चपलांनंतर बटणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव. काकू समोर उभ्या आणि मागे भिंत, म्हणजे खुर्ची सरकायला नको. मग ओटीवर फेऱ्या, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे काका रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी आत यायला लागले. वॉर्डबॉयने सवयीने व्हीलचेअर पुढे केली की हातानेच "नको" म्हणायचे.

त्यांची किडनी काही बरी झाली नाही गं. डायलिसिस तेवढंच राहिलं. पण संडासला जायला कुणाला हाक मारावी लागेना. डायलिसिसवरच्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या घरातल्या माणसालाच कळतं.

आणि हा नुसता माझा अनुभव नाही. इटलीत डायलिसिसच्या २९६ पेशंटांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना घरीच चालायला सांगितलं होतं. एकदिवसाआड, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, झेपेल त्या वेगाने. सहा महिन्यांनी ही माणसं सहा मिनिटांत सरासरी ३२८ मीटरऐवजी ३६७ मीटर चालायला लागली. न चालणारे होते तिथेच राहिले. जर्मनीत मशीनवर असतानाच पायाने सायकल फिरवणं आणि हलके व्यायाम वर्षभर करून घेतले, तिथेही पायांतली ताकद वाढली. ब्रिटनमध्ये मात्र मशीनवर सायकल फिरवून सहा महिन्यांत पेशंटांच्या जगण्याच्या दर्जात फरक दिसला नाही, आणि पुष्कळांना ती ठरल्याप्रमाणे जमलीही नाही. मला स्वतःला यातलं घरचं चालणंच जास्त भावतं. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, आणि माणूस घराच्या जगण्यात परत येतो.

म्हणूनच सांगते, बाबांना "व्यायाम" देऊ नकोस, काम दे. पोटॅशियम कमी करायला तुम्ही भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देता ना? चिरायचं काम ओट्याशी उभं राहून बाबांना करू दे. उकळतं पातेलं तू उतरव. तुळशीला पाणी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, संध्याकाळी देवापाशी दिवा. आणि "बाबा, आज चाललात का?" असं परीक्षा घेतल्यासारखं रोज विचारू नकोस. त्यांच्याबरोबर चालायला लाग आणि काहीतरी विचार, जुन्या घराबद्दल, शेताबद्दल. चालताना त्यांना तुझ्याशी बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. बोलताना धाप लागली की थांबायचं.

आता जपायचं काय ते नीट ऐक. डायलिसिस चुकलं असेल, दोन डायलिसिसमध्ये वजन फार वाढलं असेल, पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतोय, ताप आहे, अशा दिवशी चालणं बंद. चालताना छातीत दुखलं, धडधड वाढली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. डायलिसिसहून आल्या आल्या तर नकोच, तेव्हा बीपी खाली असू शकतं. मशीनवर पाय हलवायचे असतील तर पहिल्या दोन तासांत आणि तिथल्या सिस्टरला विचारून. पाणी काढत गेलं की नंतर बीपी घसरतं आणि पायात गोळे येतात.

फिस्टुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावर, भार देऊन उठू देऊ नकोस. त्या हाताने बादली उचलायची नाही, पिशवी मनगटाला अडकवायची नाही, घट्ट घड्याळ घालायचं नाही. रोज सकाळी तिथे बोट ठेवून थरथर लागते का ते बघायचं. लागली नाही तर वाट न बघता युनिटला फोन.

बाबांना साखरेचा आजार आहे, म्हणून निघण्याआधी साखर तपासा आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. अनवाणी अजिबात नाही. पायाला बधिरपणा असेल तर खडा टोचलेला कळतही नाही. घरी आल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या तू स्वतः बघ.

आणि एक फार महत्त्वाचं. बाबा चालून आले, दमलेत, म्हणून शेजारच्या काकू मायेने शहाळं घेऊन येतील. ते देऊ नकोस. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. काकूंना समजावून सांग, वाईट वाटलं तरी चालेल. तहान लागली तर चूळ भरायची, फार तर बर्फाचा छोटा खडा चघळायचा, आणि तोही दिवसाच्या पाण्यात धरायचा. उन्हाळ्यात सकाळी लवकरच निघा, म्हणजे तहान कमी लागते.

आईला अजून वाटतंय की डाळ, अंडं बाबांना वर्ज्य. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितली होती, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. डायलिसिस लागल्यावर हिशेब उलटा होतो. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर चालून मिळवलेली ताकद टिकणार नाही. अंड्यातलं पांढरं किती, डाळ कुठली आणि किती, हे आहारतज्ज्ञाकडून लिहूनच घे आणि फ्रिजवर चिकटव, म्हणजे तुझी आणि आईची रोजची वादावादी संपेल.

एखादा दिवस वाईट जाईल. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतील. त्या दिवशी आग्रह करू नकोस, पायथ्याशी बस. पण असे दिवस लागोपाठ यायला लागले, जेवणावरची वासनाच उडाली, तर डॉक्टरांच्या कानावर घाल. डायलिसिसवरच्या माणसांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

परवा युनिटला जाशील तेव्हा डॉक्टरांना एवढं विचार : हृदय तपासून चालायला परवानगी आहे का, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम किती आहे, आणि हाडांची स्थिती बघता जिना चढलेला चालेल का. उत्तरं वहीत लिही आणि संध्याकाळी मला फोन कर. आईलाही शेजारी बसव, तिच्याशी मी बोलते.