छत्तीसचा आकडा

पुण्यात नाना पेठेत मोटरसायकलच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. पावसाळा सरत आला, सहलींचे बेत शिजू लागले, की तिथे एक प्रश्न हमखास कानावर येतो. "स्पोकच्या चाकात ट्यूबलेस होतं का हो?" उत्तरही ठरलेलं. "होतं की! सीलंट मारतो, व्हॉल्व बदलतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." यात खोटं काही नाही. होतं. फक्त किती दिवस टिकतं आणि कुठल्या वळणापर्यंत, हे कोणी विचारत नाही.

विचारणाऱ्याची गरज मात्र खरी असते. ट्यूबमध्ये खिळा घुसला की ट्यूब फाटते आणि हवा व्हॉल्वच्या भोकातून, स्पोकच्या भोकांतून बघता बघता निघून जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरातच रुतून राहतो, हवा हळूहळू उतरते, आणि तेवढ्यात पुढचं गाव गाठता येतं. पंक्चर काढायला चाक खोलावं लागत नाही. सळईने भोक मोकळं करायचं, डिंक लावलेली स्ट्रिप खुपसायची, हवा मारायची, निघायचं. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पेट्रोल पंपाशी 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी अनेक वर्षं होती. पेट्रोलची ही कथा, तर पंक्चरवाल्याची काय असणार? तिथल्या थंडीत, धापा टाकत, मागचं चाक उतरवून टायरचा काठ लिव्हरने सोडवणं ज्याने एकदा केलंय, त्याला ट्यूबलेसचा मोह का पडतो हे वेगळं सांगायला नको.

पुण्याच्या एका हिमालयनवाल्याची गोष्ट या मोहाची चांगली ओळख करून देते. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. पुढे २१ इंची चाक, मागे १७ इंची, दोन्ही स्पोकची, दोन्हींत कंपनीची ट्यूब. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून त्याने नवा घेतला. टायरच्या भिंतीवर ठळक अक्षरात 'ट्यूबलेस' लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, टायर ट्यूबलेस आहे, मग आत ट्यूब कशाला घालता?" बिनतोड वाटणारा प्रश्न होता. रिमला वरवर पॉलिश पेपर मारला गेला, स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या निप्पलांवर बोटाने सिलिकॉन फासलं गेलं, ट्यूबच्या व्हॉल्वचं भोक ड्रिलने मोठं करून त्यात रबरी व्हॉल्व बसवला, आणि त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर आली.

आणि चालली! एकदा हायवेवर खिळा लागला, पठ्ठ्याने चहा निवायच्या आत स्ट्रिप घालून पंक्चर काढलं. मित्रांना सांगून झालं, दोघांनी तोच पत्ता घेतला.

बिघडलं ते नंतर, आणि तेही दुरुस्तीनेच. कोकणातले खड्डे खाऊन मागची रिम आउट झाली, चाक डुलायला लागलं. दुसऱ्या एका मेकॅनिकने स्पोक आवळून, सैल करून आउट काढला. काम चोख. पण आउट काढायचा म्हणजे निप्पल फिरवायचं, आणि निप्पलाच्या डोक्यावर तर आतून सिलिकॉन चिकटलेलं. ते जागोजागी फाटलं. बाहेरून कोणाला काय दिसणार? दुसऱ्या दिवसापासून सकाळी हवा कमी दिसायला लागली. गडी रोज पंपावर हवा मारून निघायला लागला. ताम्हिणी घाटात माणगावच्या बाजूला उतरताना एका वळणावर मागचं चाक तेलावर आल्यासारखं सरकलं. वेग बेताचा होता म्हणून गाडी कडेला उभी करता आली. पाहतो तर टायरचा एका बाजूचा काठ रिमवरून सुटून आत पडलेला.

सोबत पंक्चर किट होतं, हातपंप होता. दोन्ही निरुपयोगी. खिळाच नव्हता, तर स्ट्रिप कुठे घालणार? आणि सुटलेला काठ परत जागेवर चढायला हवेचा जो एकदम झोत लागतो, तो हातपंपातून येत नाही. गाडी टेम्पोत घालून माणगावला न्यावी लागली. तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी आधी काठ चढवून, चाक पाण्यात बुडवून दाखवलं. पाच-सहा निप्पलांपाशी बुडबुड्यांची माळ लागलेली. "ट्यूब टाकून देतो," काका म्हणाले, आणि टाकायला गेले तर ट्यूबचा व्हॉल्व मोठ्या केलेल्या भोकात लटलट हलायला लागला. ट्यूबच्या व्हॉल्वला ८ मिलिमीटरचं भोक पुरतं, रबरी ट्यूबलेस व्हॉल्वला साडेअकराच्या आसपास लागतं. एवढ्या मोकळ्या भोकात व्हॉल्व तिरका होतो, कडेवर घासतो आणि मुळाशी तुटतो. म्हणजे परतीची वाटही ड्रिलने बंद केलेली. काकांनी वॉशर लावून तात्पुरतं भागवलं.

आता यात चुकलं काय? सीलंट हलकं होतं हे खरं, पण तेवढ्याने उत्तर संपत नाही.

अलॉय चाक एकसंध ओतलेलं असतं, हवेला जायला फक्त व्हॉल्वची वाट. स्पोकच्या रिमला साधारण ३६ भोकं असतात आणि प्रत्येक भोक हवेच्या पोकळीतच उघडतं. त्यात स्पोकचं चाक ताठ नसतंच. गाडीचा भार तारांच्या ताणावर पेललेला असतो. चाक फिरताना जमिनीलगतच्या तारांचा ताण कमी होतो, वर गेल्या की पुन्हा वाढतो. खड्ड्यात हा फरक आणखी मोठा. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक निप्पल केसभर का होईना, हलत असतं. त्याच्यावर थापलेला लेप या हालचालीसोबत ताणला जाईल असा हवा आणि धातूला घट्ट धरणाराही हवा. बाथरूमच्या फटी बुजवायच्या सिलिकॉनकडून ही अपेक्षा करणं जरा जास्तच झालं. शिवाय ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन सुकता सुकता अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि धातू खातं. काही महिन्यांनी लेपाखाली गंज निघतो आणि लेप पापडीसारखा सुटतो.

पण वळणावर काठ सुटला, त्याचं कारण भोकांत नाही. ते रिमच्या घडणीत आहे, आणि दुकानात नेमकं हेच कोणी बोलत नाही. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला आतून, टायरचा काठ बसतो त्या जागेच्या लगत, एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरचा काठ या उंचवट्याला अडून जागेवर राहतो, मधल्या खोलगट भागात घसरत नाही. ट्यूबच्या रिमला हा उंचवटा बहुधा नसतो, कारण ट्यूब आतून काठाला दाबून धरतेच. अशा रिमची भोकं कितीही उत्तम बुजवा, हवा उतरली आणि वळणावर टायरवर आडवा जोर आला, की काठ घसरणार आणि उरलेली हवा एका क्षणात जाणार. हळूहळू उतरणारी हवा हाच तर ट्यूबलेसचा मोठा गुण, आणि तोच इथे हातचा जातो. पुढच्या चाकाला हे झालं तर कडेला उभं राहायची संधी मिळेलच असं नाही.

ओळखायचं कसं? रिमवर मापाचा शिक्का असतो. मापासोबत 'एमटी' असेल तर रिम बहुधा उंचवट्याची, 'डब्ल्यूएम' असेल तर ट्यूबची. शिक्का गंजला, झिजला असेल तर टायर उतरवल्यावर बोट फिरवून पाहावं, उंचवटा हाताला लागतो. एकाच गाडीच्या मागच्या रिमला तो असतो आणि पुढच्या २१ इंची रिमला नसतो, असंही होतं. म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळी तपासावीत. उंचवटा नसेल तर विषय तिथेच मिटवावा. टायरवर 'ट्यूबलेस' लिहिलंय म्हणजे चाक ट्यूबलेस झालं, या समजुतीत हिमालयनवाला एकटा नाही. ट्यूबलेस टायरच्या आत हवा न सोडणाऱ्या ब्यूटिल रबराचा थर असतो, त्या छापाचा अर्थ एवढाच. रिमबद्दल तो काही सांगत नाही. ट्यूबच्या रिमवर असा टायर चढवला तर आत ट्यूब घालायची. उलट, ट्यूबच्या टायरला तो थर नसतो, त्यामुळे तो ट्यूबशिवाय वापरायचा प्रश्नच नको.

रिमला उंचवटा असेल, तर मात्र काम नीट करता येतं. नीट म्हणजे सावकाश. आधी चाकाचा आउट काढून, सगळ्या तारांचा ताण सारखा करून घ्यायचा, कारण एकदा लेप बसला की निप्पलाला हात लावता येत नाही. आतल्या बाजूला निप्पलच्या वर आलेली स्पोकची टोकं घासून सपाट करायची. गंज मुळापासून काढायचा. क्रोमच्या गुळगुळीत पृष्ठभागाला काहीच नीट चिकटत नाही, तो खरवडावा लागतो. मग अ‍ॅसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही. बोटांचं तेलही पुरतं.

त्यानंतर प्रत्येक निप्पलावर लवचीक राहणाऱ्या सीलंटचा ठिपका, तो पूर्ण सुकल्यावर रिमच्या मधल्या खोलगट पट्ट्यात सलग टेप. यासाठी जगभरचे लोक थ्रीएमची ४४११एन ही जाड सीलिंग टेप वापरतात. जपानच्या आउटेक्सचं खास याच कामाचं किटही मिळतं. टेप ओढून ताणायची नाही, खाली हवेचा फुगा ठेवायचा नाही, आणि टायरचा काठ बसतो त्या जागेवर ती चढू द्यायची नाही, नाहीतर हवा काठातूनच झिरपते. अशा टेपच्या डिंकाला पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात. संध्याकाळी गाडी न्या म्हणणाऱ्याला इथेच नमस्कार करावा.

व्हॉल्व घ्यायचा तो ८ मिलिमीटरच्या भोकात बसणारा, नटाने आवळायचा, धातूचा. ड्रिल लागत नाही, आणि पुढे कधी ट्यूब टाकायची वेळ आली तर रिम शाबूत असते. टायर चढवणाऱ्याला आत टेप आहे हे आधी सांगायचं, नाहीतर लिव्हरचा एक ओरखडा सगळी मेहनत वाया घालवतो. मग चाक पाण्यात बुडवून पाहायचं, रात्रभर ठेवायचं, आणि पुढचे काही दिवस घराजवळच चालवून सकाळी थंड टायरची हवा मोजायची. रोज घट दिसली तर पंपावर हवा मारत राहणं हा उपाय नव्हे; चाक खोलायचं. टायरमध्ये पंक्चररोधक द्रव ओतून भोकं बुजतील अशीही एक आशा असते. तो द्रव टायरमधल्या खिळ्याच्या भोकासाठी असतो. फिरत्या चाकात तो बाहेरच्या बाजूला, टायरच्या तळाशी पसरतो, निप्पलांपाशी थांबत नाही.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे टायरमध्ये तेवढीच हवा असली तरी गेजवर आकडा वाढतो. मनालीहून बारालाचा खिंडीच्या उंचीला गेलं की हा फरक तीनेक पीएसआयचा पडतो. थंडीने त्यातला काही कमी होतो. गळकं चाक चढताना त्यामुळे ठणठणीत वाटतं. आकडा घसरतो तो उतरताना, म्हणजे नेमका वळणांच्या रस्त्यावर.

हा सगळा खटाटोप नको असेल तर कारखान्यातच सोडवलेला मार्ग आहे. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसला अशी चाकं दिली, ज्यांत तारा रिमच्या मध्यात न घुसता दोन्ही कडांना जोडलेल्या असतात. भोकं हवेच्या पोकळीबाहेर, त्यामुळे बुजवायला काही उरतच नाही. तुटलेली तारही टायर न उतरवता बदलता येते. होंडाच्या आफ्रिका ट्विन अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सला २०२० मध्ये ट्यूबलेस स्पोक आले, आणि रॉयल एनफिल्डने हिमालयन ४५० साठी अशी चाकं भारतात २०२४ मध्ये विकायला काढली. महाग आहेत, पण काम एकदाच होतं. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्याला अलॉयही पुरतं. मात्र रिमचं माप बदलणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याची कागदं आधी बघावीत.

आणि ट्यूबच ठेवायची ठरली, तरी त्यात कमीपणा नाही. जाड ट्यूब, दोन लिव्हर, हातपंप आणि घरी बसून एकदा केलेली रंगीत तालीम एवढ्यावर कित्येक जण लेह करून आलेत. जागा कमी असेल तर सुटी ट्यूब फक्त पुढच्या २१ इंची मापाची घ्यावी. अडीअडचणीला ती दुमडून मागच्या १७ किंवा १८ इंची टायरात बसते आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश नेते. मागच्या मापाची ट्यूब पुढे ताणून बसवणं त्याहून कितीतरी अवघड. गाव आलं की मात्र तिथे योग्य मापाची ट्यूब टाकून घ्यायची, कारण दुमडलेल्या जागी ती घासत राहते.