राडारोडा आणि आपली छाती

पावसाळा सरला की माझ्या दवाखान्यात कोरडा खोकला आणि दम लागण्याच्या तक्रारी वाढतात. अशा वेळी मी रुग्णाला हमखास विचारतो, ‘घराजवळ तोडकाम चालू आहे का?’ पुष्कळदा उत्तर ‘हो’ असेच येते. सिडकोची स्थापना 1970 सालची. तिने उभारलेल्या सुरुवातीच्या इमारती आता जुन्या झाल्या असून वाशीसारख्या भागात त्यांचा पुनर्विकास होत आहे. घरोघरी फरशा बदलणेही चालूच असते.

यातली जाड धूळ नाकातच अडकते व शिंकेवाटे बाहेर पडते. परंतु वाळू, काँक्रीट व फरशी यांत सिलिका असते. कापताना, फोडताना तिचे अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. वर्षानुवर्षे ते साचले की फुफ्फुस घट्ट होत जाते. हा सिलिकोसिस. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही, आणि अशा रुग्णाला क्षयही लवकर गाठतो. शेजाऱ्यांना दम्याचा त्रास होतो. पण सर्वांत मोठा धोका रोज घण घालणाऱ्या मजुराला असतो.

हाच राडारोडा नीट वेगळा केला तर उपयोगी पडतो. काँक्रीट भरडून खडी करता येते, विटांचा चुरा भरणीला चालतो, पेव्हर ब्लॉकही बनतात. भारतीय मानक ब्युरोने 2016 साली अशा खडीला मर्यादित वापरासाठी मान्यता दिली. मात्र त्यात प्लास्टिक व ओला कचरा मिसळला की सारे वाया जाते. मग ढीग रातोरात खाडीकाठी पडतात. कांदळवनात राडारोडा टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2005 सालीच मनाई केली आहे. रस्त्याकडेचे ढीग वाळले की प्रत्येक वाहनामागे धूळ उडते.

म्हणून वाचकांनी एवढे करावे :

1) तोडण्यापूर्वी व तोडताना पाणी मारावे. फरशी ओली करूनच कापावी.

2) कोरडा झाडू मारू नये. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

3) विटा-काँक्रीट, लाकूड-लोखंड आणि प्लास्टिक यांच्या गोण्या वेगळ्या ठेवाव्यात.

4) ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नयेत. जाणकाराकडून ओले करून अखंड उतरवावेत व इतर राडारोड्यात मिसळू नयेत.

5) राडारोडा कोठे जाणार, हे ठेकेदाराला काम देतानाच विचारावे. शंका असल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करावी.

6) मजुरांना एन-95 मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासावी व छातीचा एक्स-रे काढावा. सिलिकोसिस क्ष-किरणात क्षयासारखा दिसू शकतो व निदान चुकते. म्हणून आपण काय काम करतो व किती वर्षे करतो, हे मजुराने डॉक्टरांना न विचारता सांगावे. आपल्या घरी काम करणाऱ्याला एवढे आपणही सांगू शकतो.