वस्तीवरचे कुत्रे आणि मालकाची जबाबदारी



बेणे, खत, पाणी, खोडवा यांवर आम्ही या पानातून नेहमीच लिहितो. या खेपेस विषय कुत्र्याचा घेतला आहे. शेतकी खात्याने कुत्र्यावर कशाला लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण हंगाम सुरू झाला की फडावर येणाऱ्या प्रत्येकाला वस्तीवरचे कुत्रे आधी भेटते आणि मालक मागाहून. चिटबॉय, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, टोळीतल्या बाया, हौदावर पाण्याला येणारी पोरे ही सगळी कुत्र्याच्या लेखी परकी माणसे. "आपलं कुत्रं कुणाला काही करत नाही," हे आम्ही वस्तीवस्तीवर ऐकतो. ते खरेही असते, पण घरच्या माणसांपुरते.

यातली गंभीर गोष्ट अशी, की टोळीतल्या माणसाला कुत्रे चावले तर तो बहुधा बोलत नाही. दवाखान्यात गेला तर दिवसाचा खाडा पडतो आणि मालकाचे मन दुखवायचे नसते. मग जखमेवर चुना लावून तो पुन्हा कोयता हातात घेतो. रेबीजची, म्हणजे पिसाळीची, लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळेवर धुणे आणि लस झाली तर हा रोग पूर्ण टळतो. म्हणून पहिले पाऊल मालकाने उचलायचे, चावलेल्या माणसाने येऊन सांगण्याची वाट पाहायची नाही.

कुत्रे का चावते?

राखण करणे हा त्याचा धर्म आहे आणि आपण त्याला त्यासाठीच पाळलेले असते. खाताना कुणी जवळ गेले, पिले असताना कुणी हात घातला, झोपेत पाय पडला, पोर ओरडत पळाले, किंवा कान-पाय दुखत असताना कुणी हात लावला, तर शांत कुत्रेही तोंड टाकते. पाचटाच्या ढिगात कुत्री व्यालेली असते आणि पाचट ओढणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नसतो, असेही होते. दिवसभर आखूड साखळीला बांधलेले कुत्रे तर जास्तच चिडके बनते. त्यात दोष जनावराचा कमी आणि आपल्या ठेवण्याचा जास्त.

टोळी येण्याआधी करायची कामे

१. लस टोचून घ्यावी. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर १८९५ साली याच तारखेला वारले. आपल्याकडे टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, तेव्हा ही तारीख लक्षात ठेवायला सोयीची आहे. लसीचे कार्ड घरात जपून ठेवावे.

२. तोड चालू असेतोवर दिवसा कुत्रे बांधावे. जागा रस्त्यावर किंवा हौदाजवळ नको. सावली आणि पाणी हवे, साखळी हलता-फिरता येईल इतकी लांब हवी. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणावे. रात्री कुंपणाच्या आत मोकळे सोडायला हरकत नाही.

३. टोळी उतरली की पहिल्याच दिवशी मुकादमाला आणि बायका-पोरांना कुत्रे दाखवावे. कुठे बांधतो, पिले कुठे आहेत, हेही सांगावे. रेबीजने दगावणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, म्हणून पोरांना मुद्दाम समजवावे.

४. टोळीबरोबर त्यांचीही कुत्री येतात. कोप्या आपल्या रानात असतील तर त्या कुत्र्यांनाही आपल्याबरोबरच लस टोचून घ्यावी. फार खर्चाचे काम नाही.

कुत्रे चावल्यावर

लगेच वाहत्या पाण्याखाली जखम साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. मोटार चालू असेल तर पाइपाचे पाणी चालते. हळद, चुना, मिरचीपूड, तेल काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये. ओरखडा असला तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत २००५ च्या सुमारास बंद झाली, त्या भीतीने कुणी मागे राहू नये. आता दंडाच्या स्नायूत लस दिली तर पहिला दिवस, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. कातडीत दिली तर पहिला दिवस, ३, ७ आणि २८ वा दिवस. रक्त आले असेल, किंवा जखम तोंडावर, मानेवर, हाताच्या बोटांवर असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. ते लहान केंद्रात नसले तर मोठ्या रुग्णालयात जावे लागते. आपल्या भागात ते कुठे मिळते, हे हंगामाआधीच विचारून ठेवावे.

येथे एक अडचण हटकून येते. दोन डोस होतात आणि टोळी दुसऱ्या गावच्या फडावर जाते. राहिलेले डोस दुसऱ्या केंद्रातही घेता येतात, फक्त कार्ड जवळ हवे. ते कार्ड मुकादमाच्या हाती देऊन तारखा त्याला पाठ करायला लावाव्यात. दवाखान्याची गाडी, औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी कुत्र्याच्या मालकाने द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुत्र्याला मारू नका, दहा दिवस पाहा

कुत्रे चावले की काठ्या घेऊन धावायचे, ही आपली जुनी खोड. पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडे दिवस आधीच येतो, आणि लक्षणे दिसल्यावर ते काही दिवसांतच मरते. म्हणून चावलेले कुत्रे दहा दिवस बांधून खाऊ-पिऊ घालून पाहिले, तर निदान होते. दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पुढची लस थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मात्र दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ, असे कधीही करू नये. लस पहिल्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

आवाज घोगरा होणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे, दिसेल त्याला चावणे ही पिसाळल्याची लक्षणे. काही कुत्री उलट मुकी होतात आणि अंधारात दडून बसतात. असे दिसले, किंवा कुत्रे मेले, तर उघड्या हाताने शिवू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकांना कळवावे. गाय-म्हैस चावली गेली तरी तेच करावे, जनावरालाही लस आहे.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका असताना पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चावरे कुत्रे पोत्यात घालून परगावी सोडणे किंवा विष घालणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसते. शिवाय त्याने दुखणे मिटत नाही, दुसऱ्याच्या दारात जाते. वारंवार चावणाऱ्या कुत्र्याला आधी पशुवैद्यकाला दाखवावे, दुखणे असेल तर उपचार करावेत, नर असेल तर खच्चीकरण करून घ्यावे. बाहेर काढताना बैलाला घालतो तसे मुसके घालावे.

यापुढे फिल्डमन तोडीचा दिवस सांगायला येतील तेव्हा कुत्रे बांधले का, लस झाली का, असे विचारतील. त्याचा राग मानू नये. आपला ऊस तोडायला जी माणसे घरदार सोडून येतात, ती हंगाम संपल्यावर धडधाकट घरी परतावीत, यात आपल्या सर्वांची शोभा आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग