ओपिनेलचं पातं अडकतं तेव्हा

प्रश्न : ट्रेकसाठी ओपिनेलचा आठ नंबरचा घडीचा चाकू घेतला. पावसाळ्यात तो उघडतच नाही. माल खराब आहे का?

उत्तर : नाही. फ्रान्सच्या सावोआ भागात १८९०मध्ये जन्मलेल्या या चाकूची मूठ बहुधा बीच लाकडाची असते. दमट हवेत ती फुगते आणि खाचेतलं पातं आवळलं जातं. शौकीन मंडळी मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, की पातं जरा वर येतं. (शेजारी झोपलेले नसताना ठोका!) मग मूठ सावलीत वाळवून तिला जवसाचं तेल चोळा. पातं कार्बन स्टीलचं असेल तर लिंबू कापल्यावर लगेच पुसा. काळपट छटा येईल, पण ती गंज नव्हे. उघडल्यावर गोल कडी फिरवायला मात्र विसरू नका. १९५५मध्ये आलेली ही कडीच पातं बोटांवर मिटू देत नाही.