चित्राची किंमत

(पूर्वी चित्र विकायचे तर दुकान, प्रदर्शन किंवा दलाल यांचा आधार घ्यावा लागे. आता चित्रकार घरी बसून इंटरनेटवर आपली चित्रे लोकांना दाखवू शकतो व विकूही शकतो. पण चित्राची किंमत ठरवायची कशी? त्याविषयी या पाठात माहिती दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, कागद, कलम, किंमत, हिशेब, बाजार, दुकान हे शब्द तुम्हांला मराठी शिकताना नव्याने पाठ करावे लागले नसतील. ते अरबी-फारसीतून आले आणि उर्दूत व मराठीतही घरचे झाले. म्हणजे चित्रांच्या खरेदी-विक्रीचा हा पाठ तुम्हांला अर्धा आधीच येतो!

मुंबईला काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती १९५२ साली सुरू झाली. तेथे आपले प्रदर्शन भरावे असे पुष्कळ चित्रकारांना वाटते; पण जागा मिळण्यासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते. गॅलरीच्या बाहेरच पदपथावर काही चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले दिसतात. आत जागा नाही, म्हणून त्यांनी रस्त्याला भिंत मानले. इंटरनेट म्हणजे असाच एक फार लांब पदपथ आहे. त्यावर चित्र मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र तेथे येणारे-जाणारे इतके आहेत, की आपल्या चित्रासमोर कोणी थांबेलच असे नाही.

समजा, तुमची थोरली बहीण, म्हणजे तुमची आपा, जलरंगात चित्रे काढते. जुन्या वाड्यांची, बाजारपेठेची, पावसातल्या गल्लीची. शेजारीपाजारी म्हणतात, “वा! छान काढले आहेस. एखादे आम्हांला दे ना!” पण पैसे देण्याची गोष्ट कोणी काढत नाही. एके दिवशी दूरच्या शहरातून कोणी मोबाइलवर विचारते, “हे चित्र केवढ्याला?” आपा गोंधळते. फार सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, कमी सांगितले तर श्रम वाया जातील. घाईघाईने ती म्हणते, “तुम्हांला वाटेल ते द्या.” हे उत्तर नम्रपणाचे वाटते, पण ते बरोबर नाही. भाजीवालासुद्धा असे म्हणत नाही. घेणाऱ्यालाही त्यामुळे अवघडल्यासारखे होते.

आता आपण आपाबरोबर बसून हिशेब करू. जलरंगाच्या जाड कागदाचा पूर्ण ताव साधारण २२ इंच बाय ३० इंच असतो. त्याचे चार भाग केले, की ११ बाय १५ इंचांचा पाव ताव मिळतो. आपाचे चित्र पाव तावाचे आहे. समजा, कागदाला १५० रुपये, रंग व ब्रश यांच्या झिजेला १०० रुपये, पुठ्ठा व वेष्टनाला १५० रुपये लागले. चित्राला आठ तास लागले. एका तासाची मजुरी १५० रुपये धरली, तर १२०० रुपये झाले. एकूण १६०० रुपये. टपालखर्च वेगळा.

मग किंमत १६०० रुपये ठेवावी का? थांबा. उद्या एखाद्या गॅलरीने ते चित्र विकायला ठेवले, तर ती आपला हिस्सा घेईल. तो कोठे तिसरा असतो, तर कोठे निम्मा. तिसरा हिस्सा धरला, तरी १६०० पैकी आपाच्या हाती सुमारे १०६७ रुपये येतील. आठ तासांची मजुरी निम्म्यावर येईल. तुम्ही म्हणाल, “गॅलरीत जास्त किंमत लावावी आणि इंटरनेटवर कमी.” पुष्कळ नवे चित्रकार असेच करतात आणि येथेच फसतात. लोक गॅलरीत जाऊन चित्र पाहतात आणि घरी येऊन मोबाइलवरून स्वस्तात मागवतात. गॅलरीवाल्याने भाडे भरले, दिवे लावले, चित्र समजावून सांगितले. त्याच्या हाती काय आले? असा चित्रकार पुन्हा त्याच्या दारात गेला, तर तो आत घेईल का? म्हणून किंमत सगळीकडे एकच असावी, आणि ती गॅलरीचा हिस्सा देऊनही परवडेल अशी असावी.

यासाठी चित्रकार एक सोपी रीत वापरतात. चित्राच्या लांबी-रुंदीचा गुणाकार करून चौरस इंच काढतात व दर इंचाला एक दर लावतात. पाव तावाचे १६५ चौरस इंच होतात. दर १५ रुपये धरला, तर किंमत २४७५ रुपये. तिसरा हिस्सा गेला, तरी १६५० रुपये उरतात. आता हिशेब बसला. इंटरनेटवरून विकले, तर तो तिसरा हिस्साही आपाकडेच राहतो. पण छायाचित्रे काढणे, पत्रांना उत्तरे देणे, चित्र बांधून टपालात टाकणे ही गॅलरीची कामेही तिलाच करावी लागतात. तो पैसा फुकटचा नाही.

मोजून पैसे घेण्याची ही रीत काही नवी नव्हे. प्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरला झाला. तरुणपणी मुंबईत ते सिनेमाची मोठमोठी जाहिरातचित्रे रंगवत. या कामाचे चौरस फुटाला चार किंवा सहा आणे मिळत, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे सहा फूट बाय दहा फुटांचे चित्र रंगवले, तर चार आण्यांच्या दराने फक्त १५ रुपये होत! पुढे त्याच हातांनी काढलेली चित्रे कोट्यवधी रुपयांना विकली गेली. मोजपट्टी तीच, हातही तेच. दर मात्र बदलला.

या रीतीत एक खोड आहे. चित्राच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या, की क्षेत्रफळ चौपट होते. पूर्ण तावाचे ६६० चौरस इंच होतात. १५ रुपयांनी त्याचे ९९०० रुपये होतील. पण त्याला चौपट वेळ लागतोच असे नाही. मोठा ब्रश मोठे आकाश झटकन भरतो. उलट, पोस्टकार्डाएवढे ४ बाय ६ इंचांचे चित्र घ्या. त्याचे २४ चौरस इंच, म्हणजे ३६० रुपये. त्याला तीन तास लागले, तर मजुरीच ४५० रुपये झाली. म्हणजे तोटा! म्हणून अनुभवी चित्रकार लहान चित्रांना इंचाचा दर जास्त लावतात आणि मोठ्या चित्रांना थोडा कमी. काही जण क्षेत्रफळाऐवजी लांबी व रुंदी यांची बेरीज करून तिला दर लावतात. कोणतीही रीत धरा. एकदा धरली, की एकाच मापाच्या दोन चित्रांना दोन किमती लावू नयेत. “हे मला जास्त आवडते” म्हणून एखाद्या चित्राची किंमत वाढवू नये. फारच आवडत असेल, तर ते विकू नये, घरी ठेवावे.

आणि मावशी, आत्या, अब्बांचे मित्र? त्यांना अर्ध्या किमतीत द्यावे का? भेट द्यायची तर पूर्ण द्यावी. अर्धी भेट घेणाऱ्यालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही बोचते.

किंमत वाढवणे सोपे आहे, कमी करणे फार अवघड. समजा, मार्च महिन्यात एका शिक्षिकेने पगारातून पैसे बाजूला काढून आपाचे चित्र २४७५ रुपयांना घेतले. दिवाळीत आपाने तसेच चित्र १२०० रुपयांना लावले. त्या शिक्षिकेला काय वाटेल? ज्याने आपल्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवला, त्याचेच नुकसान झाले. म्हणून सुरुवातीचा दर बेताचा ठेवावा. चित्रे नियमित विकली जाऊ लागली, की वर्षाकाठी थोडा वाढवावा.

आता प्रश्न उरला तो लोकांपर्यंत पोहोचण्याचा. अमेरिकेतील रिचमंड शहरात ड्वेन काइझर नावाचे चित्रकार आहेत. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी रोज एक लहानसे तैलचित्र काढायला सुरुवात केली. चित्र पोस्टकार्डाएवढे. विषय साधे, घरातल्या रोजच्या वस्तू. रोजचे चित्र ते इंटरनेटवर ठेवत. किंमत १०० डॉलर. ज्याचे पत्र पहिले येईल, त्याला चित्र मिळे. पाहता पाहता मागणी एवढी वाढली, की ते चित्रांचा इंटरनेटवरच लिलाव करू लागले. त्यांचे पाहून जगभर अनेक चित्रकार रोज एक चित्र काढू लागले. काइझर यांनी मोठी जाहिरात केली नव्हती. आज नवे काय आले असेल, या उत्सुकतेने लोक रोज पाहायला येत, एवढेच. लिलाव मात्र नवख्याने जपून करावा. कोणी बोलीच लावली नाही, तर ती गोष्ट सगळ्यांना दिसते.

मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे काही न देता परत पाठवणे. मोबाइलवर अंगठ्याची खूण म्हणजे ‘आवडले’! दोन्ही अर्थ ध्यानात ठेवलेले बरे. हजार लोकांनी अंगठा दाखवला आणि एकानेही चित्र घेतले नाही, असे पुष्कळदा होते. त्यापेक्षा एक साधी वही जास्त उपयोगी पडते. कोणी कोणते चित्र घेतले, कोणत्या दिवशी, केवढ्याला आणि पुढच्या चित्रांची खबर त्याला हवी आहे का, एवढे तीत लिहावे. पुन्हा चित्र घेणारा बहुधा याच वहीत सापडतो.

इंटरनेटवर चित्र हाताळून पाहता येत नाही. म्हणून तेथे खरे बोलण्याची जबाबदारी वाढते. चित्राचे छायाचित्र दिवसाउजेडी, सावलीत, मोबाइल चित्राच्या अगदी समोर सरळ धरून घ्यावे. मोबाइलमधला दिवा लावू नये, कागद चमकतो. मग ते मूळ चित्राशेजारी ठेवून ताडून पाहावे. रंग भडक करून दाखवले, तर पार्सल उघडणाऱ्याचा विरस होतो. एक छायाचित्र खुर्चीजवळच्या भिंतीवर चित्र लावून घ्यावे, म्हणजे माप कळते. खाली माप, माध्यम, साल आणि किंमत लिहावी. ‘किंमत विचारा’ असे लिहिणे मला तरी पटत नाही. लाजाळू माणूस विचारतच नाही, निघून जातो.

असल आणि नक्कल यांतला फरकही स्पष्ट सांगावा. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. त्यांची चित्रे छापून स्वस्तात घरोघर पोहोचली. त्या छापील प्रती होत्या, हे घेणाऱ्यांना माहीत होते. त्यात फसवणूक नव्हती. आजही चित्रकार मूळ चित्र एकाला विकतात आणि त्याच्या छापील प्रती अनेकांना. प्रतीखाली ७/५० असे लिहिले, तर ती पन्नासपैकी सातवी प्रत. मग एक्कावन्नावी प्रत कधीच निघता कामा नये.

चित्र विकले, तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क सामान्यतः चित्रकाराकडे राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून असे काम घेताना आधी लिहून घ्यावे.

या लांब पदपथावर लबाडही फिरतात. एक अनोळखी माणूस लिहितो, “मी परदेशात आहे. तुमची तीन चित्रे एकदम घेतो. किमतीपेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवतो. वरचे पैसे चित्र न्यायला येणाऱ्या माणसाला द्या.” धनादेश पुढे खोटा निघतो आणि आपले पैसे व चित्रे दोन्ही जातात. दुसरा म्हणतो, “पैसे पाठवतो, हा चौकोन मोबाइलवर टिपून गुप्त अंक दाबा.” गुप्त अंक पैसे देताना दाबायचा असतो, घेताना कधीच नाही. आपाने चित्र टपालात टाकण्यापूर्वी बँकेच्या खात्यात पैसे खरोखर जमा झाले आहेत का, ते पाहावे. मग चित्रावर पातळ लोणी-कागद ठेवावा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावावा आणि सोबत नाव, माप, साल व सही असलेली पावती ठेवावी. काच पाठवू नये. वाटेत ती फुटली, तर तिच्या कपच्या चित्रच फाडतात.

स्वाध्याय

१. “तुम्हांला वाटेल ते द्या” हे आपाचे उत्तर बरोबर का नाही?
२. गॅलरीत आणि इंटरनेटवर चित्राची किंमत एकच का असावी?
३. अर्ध्या तावाचे माप १५ बाय २२ इंच असते. चौरस इंचाला १५ रुपये दराने त्याची किंमत काढा. गॅलरीने तिसरा हिस्सा घेतल्यास चित्रकाराला किती रुपये मिळतील?
४. हुसेन यांना सहा आण्यांच्या दराने सहा फूट बाय दहा फुटांच्या चित्राचे किती रुपये मिळाले असते?
५. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.